आगरातलं गोडं पाणी

हरेश्वरच्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली, तेव्हा मी पडवीत बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होते. चैत्रातली दुपार होती. बांधापलीकडे आगरातल्या मिठाच्या राशी अशा झळकत होत्या, की तिकडे डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं.

"परमे, माझा हात बघ काय करतंय."

हे त्याने अगदी हळू सांगितलं. हात त्याचा नसून दुसऱ्या कुणाचा तरी त्याच्या खाटेवर येऊन पडलाय, तसं. मी पदराला हात पुसत आत गेले. पाचही बोटांची टोकं एकमेकांना चिकटली होती, अंगठा तळव्यात शिरला होता, मनगट आत मोडलं होतं. घास उचलायला निघालेला हात मध्येच थिजावा तसा. मी बोटं सरळ करायला गेले तर तो ओरडला. बोटं हलली नाहीत. आणि मी बघतेय तोवर दुसराही हात तसाच व्हायला लागला. एकेक बोट, सावकाश.

मागच्या दाराने सासू आत आली, चांगुणाबाय. मी तिला आय म्हणायचे. डोक्यावर लाकडांचा भारा होता, तो खाली टाकायचंही तिला सुचलं नाही. तशीच उभी राहून लेकाच्या हातांकडे बघत राहिली.

"याला लागलंय," ती म्हणाली. "खाडीवरचं कायतरी लागलंय याला."

"आय, काय लागलेलं नाय."

"मग हात काय मी वळवले?"

माझ्याकडे होता भिंतीला भाताच्या शिताने चिकटवलेला हॉस्पिटलाचा एक कागद, आणि त्या कागदावर वळलेल्या हातांबद्दल एकच ओळ होती: असं झालं तर वाट बघू नका, ताबडतोब घेऊन या.

ताबडतोब. आमच्या गावात. बांधावरच्या कच्च्या रस्त्याने नाक्यापर्यंत नऊ किलोमीटर, मिठाचे ट्रक येणार उद्या, फोन सगळ्या गावात एकही नाही. शेजारच्या मथुराबायचा काशिनाथ घरात होता. मी कुंपणावरून हाक मारली, तो सायकलीवर बसला आणि जीप आणायला नाक्याकडे सुटला. "तीन तास तरी लागतील वहिनी," एवढं सांगायला त्याने मान वळवली, तेवढीच.

तीन तास. मी खाटेजवळ आले तर हरेश्वर माठाकडे बघत होता.

"पानी," तो म्हणाला.

आता याच्या आधीचं सांगायला हवं, नाहीतर ती दुपार कळणार नाही.

माघात त्याच्या पोटात कळ आली. आगरात फळीने मीठ ओढता ओढता तो वाकला तो परत सरळ झालाच नाही. आतड्याला पीळ पडला होता. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत दीड दिवस गेला, आणि तेवढ्यात आतडं काळं पडलं. डॉक्टरांनी काळं पडलेलं सगळं कापून टाकलं. माणसाचं लहान आतडं असतं पाच-सहा मीटर. याचं उरलं सव्वा मीटर. त्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्यावर पिशवी चिकटवली. तीन-चार महिने तगला, अंगात जीव आला, तर उरलेलं आतडं आत जोडून देऊ, म्हणाले. हा 'तर' डॉक्टर हळू बोलले. मी नेमका तेवढाच ऐकला.

मी सातवी शिकलेली बाई. आतडं म्हणजे मला बोकडाचं माहीत. वॉर्डात रेबेका म्हणून सिस्टर होत्या, अलिबागकडच्या. मला बाजूला बसवून त्यांनी कागदावर चित्र काढलं, तेव्हा मी बोलून गेले, "सिस्टर, आमी वजडी धुतो तवा उलटी करतो. आतनं टावेलासारखी असते."

मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. "अगदी बरोबर," म्हणाल्या. "माणसाचं आतडंही आतून तसंच. त्या टॉवेलानेच आपण खाल्लेलं टिपून घेतो. आणि टॉवेलाचा प्रत्येक तुकडा वेगळं काम करतो. लोह जातं सुरुवातीच्या वीतभर भागातून. रक्ताला लागणारं एक जीवनसत्त्व अगदी शेवटच्या भागातून. तुझ्या नवऱ्याचा तो शेवटचा भाग गेला. म्हणजे त्याचं इंजेक्शन जन्मभर."

"आणि पाणी?"

"पाण्याला स्वतःचे पाय नसतात, प्रमिला. ते मिठाच्या मागून जातं. मीठ आणि साखर जोडीने दारात आली, की आतडं दार उघडतं. मग त्या दोघांच्या मागून पाणी शिरतं. लग्नात वऱ्हाडाबरोबर बिनबोलावलेले शिरतात ना, तसं."

"आणि नुसतं पाणी प्यायला तर?"

रेबेका सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "ते नीट ऐक. तुझ्यामाझ्या पोटात पाणी कसंही गेलं तरी खाली जिरतं, कारण खाली चिक्कार आतडं आहे. याच्याकडे उरलंय ते वरचं, आणि ते झिरझिरीत. नुसतं पाणी आलं, की याच्या अंगातलं मीठ त्या पाण्यात उतरतं आणि दोन्ही मिळून पिशवीत जातात. एक पेला पिईल, सव्वा पेला बाहेर पडेल. जितकं पिईल तितका सुकेल."

"पाणी पिऊन माणूस सुकतो?"

"हा सुकेल."

मग त्यांनी कागद लिहून दिला. मीठ, साखर, खायचा सोडा, मोजून, उकळून गार केलेल्या पाण्यात. दिवसभर घोट घोट. साधं पाणी, चहा, सरबत सगळं धरून दिवसाला दोन पेले, त्यावर थेंब नाही. जेवणात मीठ वरून. तेव्हाच मला वाटलं होतं, हा कागद नवऱ्याला पटवता येईल, पण सासूला कसा पटवू?

कारण आमच्याकडे आजाऱ्याला आळणी देतात. मऊ भात आळणी, पेज आळणी. पोटाला भोक पडलेल्या लेकाला सून मीठ घोळून पाजतेय, हे बघून आयच्या अंगाचा तिळपापड झाला. "जखमेवर मीठ चोळतात म्हणून ऐकलेला," ती म्हणाली, "पाजतात म्हणून आजच बघतंय." आणि ती काही अडाणी बाई नव्हती. मिठातलं तिला जेवढं कळायचं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नसे. आगरातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, अजून तीन दिवस, मग पाणी पिकेल. तिसऱ्या दिवशी मीठ धरायचं.

तिच्या तोंडी एकच गोष्ट मी लग्न झाल्यापासून दर वर्षी ऐकली. हरेश्वर पाळण्यात होता तेव्हाची. आगराच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याचं तळं आहे. तळं आणि आगर यांच्यामधल्या बांधात एक लाकडी दार आहे, आम्ही त्याला उघाडी म्हणतो. सासऱ्यांकडून एका संध्याकाळी ती उघाडी नीट बसली नाही. सकाळी बघतात तर तळ्याचं गोडं पाणी आगरात शिरलेलं आणि बावीस दिवस पिकवलेलं मीठ कुठेच नाही. आय महिनाभर सासऱ्यांशी बोलली नाही. नंतर सासरे गेले, पण ती रोज संध्याकाळी स्वतः बांधावर जाऊन उघाडी हाताने दाबून बघायची. कुणाला शिवी द्यायची झाली तर म्हणायची, "मेल्या, तुज्या आगरात गोडं पानी जावंदे."

तर असा तो कागद घेऊन आम्ही घरी आलो. आणि सुरू झाली तहान.

तहान म्हणजे काय ते मला त्याआधी ठाऊक नव्हतं. आपल्याला लागते ती तहान नव्हे. हरेश्वर तासन्‌तास माठाकडे बघत पडायचा. माठातून पाणी पाझरून खालच्या वाळूत टपकायचं, तो ते थेंब ऐकायचा. मी पेल्यातलं मीठसाखरेचं पाणी तोंडाशी नेलं की तोंड फिरवायचा. "घामासारखा लागतंय. जलमभर मीठ काढला, आता मीठच पिऊ?" पिशवी मी रिकामी करायचे, घमेल्यात. पिशवी रिकामी करता करता त्याच्याशी बोलताना माझं अहोजाहो कधी गळून पडलं ते मला कळलं नाही, त्यालाही नाही. 

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग पिशवी जास्त भरायला लागली. दिवसाला चारदा, मग सहादा, मग दर तासाला. आत पाण्यासारखं पाणी. मीठसाखर मी मोजून घालत होते. त्यात काडीचा फरक नव्हता. तरी तो वाळत चालला. गालाची हाडं वर आली, डोळे आत गेले. कुठे चुकतंय ते मला कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते.

आणि मग ती दुपार.

काशिनाथ गेला आणि मी चूल पेटवून पाणी उकळायला ठेवलं. सकाळी केलेलं मीठसाखरेचं पाणी संपलं होतं. पाणी गार होण्याची वाट बघवेना म्हणून उकळल्यावर मीठ, साखर, सोडा मोजून घालून भांडं पाण्याच्या परातीत ठेवलं आणि पदराने वारा घालत बसले. तोवर घरात बायका जमल्या. आमच्या गावात बातमीला सायकल लागत नाही. हरेश्वरच्या पोटऱ्यांना आता गोळे येत होते. गोळा आला की खाट करकरायची. गोळा गेला की तो तोंड उघडून पडायचा; जीभ लाकडासारखी कोरडी. मी त्याच्या दंडावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. ओल्या फडक्याची चुणी उभी राहते तशी.

"मना पानी दे," तो म्हणाला.

मी चमचा भरून त्याच्या ओठांशी नेला. त्याने ओठ मिटले. चमचा त्याच्या हनुवटीवर सांडला.

"यो नको. साधा. माठातला. एक पेला दे गो, परमे. मग मेलो तरी चालल."

"जीप येतेय. तिथे शिरेतून देतील. तोवर हे घे."

"मी तुझा काय केला?" तो म्हणाला. रागावून नाही. खरंच विचारत होता. "कुत्रा आला दारात तर त्याला पन पानी ठेवतंस."

मागून कुणीतरी हुंदका दिला. मथुराबाय पुढे आली. सत्तरीची बाई, गावात कुणाकडे जन्म असो की मरण, पहिली हजर. तिच्या हातात तांब्याचा लोटा होता, आणि लोट्यात तुळशीचं पान.

ते पान बघितलं आणि मी पहिल्यांदा घाबरले. हात वळले तेव्हा नाही, कातडी उभी राहिली तेव्हा नाही. गावाने ठरवलं होतं. आमच्या मथुराबायचा अंदाज सहसा चुकत नसे.

"सूनबाय, हट नको करू," ती म्हणाली. "मरनाऱ्याला पानी नाय दिला तर सात पिढ्या तहानल्या ऱ्हातात. घाल त्याच्या तोंडात."

"तो मरत नाय."

"बग गो त्याच्याकडं."

"मी बघतेय. मी दुसरं काय करतेय महिनाभर?"

आयने लोटा मथुराबायच्या हातातून घेतला. पानासकट पेल्यात पाणी ओतलं. खाटेच्या दुसऱ्या बाजूने वाकून तिने हरेश्वरच्या मानेखाली हात घातला, आणि त्याने इतका वेळ मिटलेलं तोंड उघडलं. पिल्लू चोच उघडतं तसं. मी तिचं मनगट धरलं. पाणी हिंदकळलं.

"सोड," आय म्हणाली.

"आय, पाणी नको देऊ."

"माझा पोऱ्या हाय तो. माझ्या पोऱ्याला तहानलेला मारतंस?"

"या पाण्यानेच मरेल तो."

"पान्यानं?" आय हसली. त्या हसण्याची मला अजून भीती वाटते. "पान्यानं मरनार असता, तर कवाच मेला असता. रोज देतंय मी त्याला! तू तळ्यावर कपडे न्यायचीस ना दुपारची? रोज दोन पेले, माठातलं. माझ्या हातचं पानी प्यायला का गप झोपायचा. तुझ्या त्या खारट पान्यानं झोपला कधी?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता सून काय करते, सासूच्या झिंज्या उपटते की काय, असं सगळ्यांच्या तोंडावर.

मी काहीच बोलले नाही.

माझं गप्प राहणं सगळ्यांना सोशीकपणा वाटलं. सोशीकपणा कसला? मीही देत होते. रोज सकाळी, आय लाकडं आणायला गेली की. एकच पेला. कागदावरच्या दोन पेल्यांवर आणखी एक, त्याने काय होतंय, असं स्वतःला सांगून. कधी एक, कधी दीड. "आयला नको सांगू," तो म्हणायचा, आणि पिऊन झाल्यावर माझ्याकडे असा बघायचा, की लग्न झाल्यावर पहिल्या वर्षीही तसा बघितला नव्हता. पेला मी विसळून पालथा घालायचे. दुपारी आयलाही तो असाच सांगत असणार, परमेला नको सांगू. एकमेकींच्या पाठीमागे दोघी बायका, आणि दोघींना वाटत होतं, आपला एवढासा एक पेला.

मनगट मी सोडलं नाही. पण आता काय बोलायचं? रेबेका सिस्टरचं चित्र काढून दाखवू? वऱ्हाडाची गोष्ट सांगू? आयच्या मागे मागचं दार उघडं होतं. दाराबाहेर उन्हात ते घमेलं पडलं होतं, पिशवी ओतायचं. सकाळपासून धुवायचं राहिलं होतं. ते उन्हाने खडखडीत वाळलं होतं, आणि आतल्या अंगाला, पाणी होतं तिथवर, गोल पांढरी रेघ उमटली होती.

"आय," मी म्हणाले, "त्या वर्षी तळ्याचं पाणी आगरात शिरलं, तेव्हा काय झालं?"

"आता हे काय काढलंस?"

"सांग. गोडं पाणी शिरलं, तर आगरात मीठ वाढलं का?"

"मीठ?" तिला राग आवरेना. "मीठ कुटला ऱ्हातंय? पान्यात इरघळला नि बांध फोडून गेला खाडीत. पानी पन गेला, मीठ पन गेला. मागं चिखल ऱ्हायला. तुला काय म्हाईत नाय?"

"ते घमेलं बघ."

"काय बघू?"

"बघ तर. दारातलं."

तिने मान वळवली. पेला हातात तसाच. मग तिने तो खाली ठेवला, दाराशी गेली, उकिडवी बसली आणि घमेल्याच्या त्या रेघेवरून नख ओढलं. नखात आलेलं तिने उन्हात धरलं. जिभेला लावायची तिला गरज नव्हती. आगराच्या वाफ्यांच्या कडेला ती तीच रेघ साठ वर्षं बघत आली होती.

"हे याच्या पोटातला हाय?"

"याच्या अंगातलं. सगळं मीठ बाहेर चाललंय, आय. तू गोडं पाणी सोडतेस आणि ते मीठ घेऊन जातं. याची उघाडी मोडलीय."

खाटेवर पुन्हा गोळा आला, हरेश्वर कण्हला. मग आय उठली आणि तिने तुळशीच्या पाण्याचा पेला उचलला.

तिने तो स्वतःच्या तोंडाला लावला. पाणी घटाघट प्यायली, तुळशीचं पान चावून खाल्लं.

"अगो चांगुणा!" मथुराबाय किंचाळली. "मरनाऱ्याचा पानी ता!"

"माझी आतडी धड हायत," आय तोंड पुसत म्हणाली. "मना जिरल. चला, घरी जा सगल्या. मथुरे, लोटा घेऊन जा. लागला तर मी मागीन."

मग ती माझ्याजवळ आली, गार होत आलेल्या भांड्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटून थांबली. आगराच्या बांधावर थांबायची तशी.

"डोल्यातल्या पान्याएवढा खारट हाय," ती म्हणाली. "बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे."

"मंग बस. मी त्याचा डोका धरतंय."

तिने हरेश्वरचं डोकं मांडीवर घेतलं. मी चमचा धरला. तो ओठ मिटायला लागला तेव्हा आयने त्याच्या गालाला दोन बोटांनी दाबलं, लहानपणी एरंडेल पाजताना दाबलं असेल तसं. "उघड. उघड रं. आज तुझी आय लय वाईट हाय." एक चमचा. थांबायचं. दुसरा चमचा. घाई केली तर ओकून टाकायचा, म्हणून थांबायचं. त्याने आम्हाला शिव्या दिल्या. मला दिल्या, आईला दिल्या, मेलेल्या बापाला दिल्या. तोवर बरं होतं. मग त्याने शिव्या देणं बंद केलं, आणि ती शांतता मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही. गळ्याशी हात ठेवला तर नाडी पाखरासारखी फडफडत होती, मध्येच एखादा ठोका चुकत होता. आय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने काही विचारू नये म्हणून मी चमच्याकडे बघत होते.

"किती झाले?" तिने एकदा विचारलं.

"दोनशे दहा."

"मोज. थांबू नको."

मी मोजत राहिले. चारशे काहीतरी झाले आणि बांधावर जीपचा आवाज आला.

हॉस्पिटलात त्याच्या दोन्ही हातांना सलाईन लावलं. बाटलीत आणखी एक इंजेक्शन घातलं, मॅग्नेशियमचं. अंगाला लागतं इवलंसं, डॉक्टर म्हणाले, पण ते मिठापाण्याबरोबर वाहून गेलं की हात असे वळतात, आणि हृदयही वळू शकतं. पहाट व्हायच्या आत त्याची बोटं सुटली. आधी करंगळी. आय ती करंगळी हातात धरून बसली होती.

डॉक्टर तरणे होते आणि चिडलेले होते. "इतकं सांगून पाठवलं होतं," ते म्हणाले. "साधं पाणी किती जात होतं घरी? खरं सांगा."

मी तोंड उघडलं. माझ्याआधी आय बोलली.

"मी पाजत होते, सायब. मी एकटीच. सुनंला ठाव नव्हता. ती बरोबर करत होती सगला."

डॉक्टरांनी तिला झाड झाड झाडलं. अख्ख्या वॉर्डासमोर. ती पदर तोंडाला लावून मान हलवत राहिली. मी फरशीकडे बघत होते. पांढरी फरशी, तिच्यावर काळे ठिपके. अजून आठवते.

त्यानंतर हरेश्वरने माझ्या हातून त्या पाण्याचा एकही पेला नाकारला नाही. आईकडे माठातलं पाणी मागून बघितलं, ती म्हणायची, "उघाडी बंद." आषाढात त्याचं आतडं जोडलं. आज तो साठीचा आहे. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतो, ताटात मीठ वरून घेतो आणि माझ्या करंदीत मीठ कमी पडलं की अजून टोमणा मारतो. मीही मिळेल तो कागद वाचून आतड्याबद्दल इतकं शिकले, की आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई मला डॉक्टरीणबाई म्हणतात. तेवढं सगळं शिकले, पण ती एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. हरेश्वरलाही आठवण करून दिली नाही. आजारातलं त्याला सगळं धूसर आठवतं, आणि मी ते धूसरच राहू दिलं.

अकरा वर्षांनी आय गेली. झिजून झिजून, शांतपणे, मृगाच्या तोंडावर, सकाळी नऊ-साडेनऊला. आगरातलं मीठ उचलून झालं होतं. हरेश्वर पेल्यात तुळशीचं पान घालून तिच्या उशाशी बसला. तिने डोळे उघडले, पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिच्याकडं दे," ती त्याला म्हणाली. "नि तू बाहेर जा. मना तिच्याशी बोलायचंय."

तो गेला. मी पेला घेऊन टेकले.

"चोरून पानी पाजायची सवय तुला हाय," आय म्हणाली.

मी पेला खाली ठेवला.

"तुला ठाऊक होतं?"

"लाकडं घेऊन येयाची, तर पेला ओला. रोज पालथा घातलेला नि ओला. मी काय आंधली होते?"

"मग डॉक्टरसमोर एकटीच का बोललीस? माझं नाव का नाय घेतलंस?"

तिला श्वास घ्यायला वेळ लागला. मी तिच्या छातीवर हात ठेवला.

"दोघी चोर निघालो असतो," ती म्हणाली, "तर चमचा त्यानं कुनाच्या हातनं घेतला असता?"

मी पदराने डोळे पुसले. बाहेर ओसरीवर हरेश्वर खोकला, उगाच, आत येऊ का म्हणून.

"रडतंस काय," ती म्हणाली. "दे आता. माझा हंगाम झाला. आता गोडं पानी घुसला तरी चालल."

मी पेल्यात चमचा बुडवला. पहिला चमचा दिला, थांबले. तिने गिळला. मग दुसरा दिला.